नडगीवरची बांगडी
उद्या कान्हे गावच्या जत्रेत मुक्ताच्या नवऱ्याला पलटणीतून परतलेल्या गड्याशी लाठी खेळायची होती. त्याच गड्यानं मागच्या साली तिच्या वडिलांचा, आबांचा, गुडघा फोडला होता. आबा तेव्हापासून भाताच्या खाचरात उतरले नव्हते. आता पाटावर बसूनच ते जावयाला पायावरचा वार अडवायला शिकवत होते. तालमीच्या रिवाजानं जावयाच्या नडगीवर मुक्ताची काचेची बांगडी बांधली होती; बायकोचं सौभाग्य पायाशी असलं, की गडी जिवापाड पाय राखतो. "खाली बघू नका, जावईबापू. माज्या खांद्यावर नजर ठेवा." लाठ्या वाजत राहिल्या. बांगडी शाबूत होती. नवरा हसला. मुक्ता मात्र दारातून नीट बघत होती. नवऱ्याची लाठी उशिराच पोचत होती. आबांचाच वार वीतभर अलीकडं थांबत होता. लेकीच्या बांगडीवर बापाचा हात चालेना. तिनं पुढं होऊन बांगडी सोडवली. "आबा, आता मारा."