सदतीस अंश

“दादा, तुझं प्रथिन काम करतंय!” सकाळी मीच फोनवर सांगून बसले होते. पेशींतलं कोलेस्टेरॉल बाहेर नेणाऱ्या त्याच्या त्या प्रथिनात जन्मतःच एक बदल आहे. त्यापायी चाळिशीतच रक्तवाहिन्या तुंबल्या. दुपारी तो हसत प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी त्याच्या पेशी वाढवायच्या कपाटावरचा आकडा बघत होते. तीस अंश. हवे होते सदतीस, अंगाच्या उबेइतके. मागच्या खेपेला सदतीसवर हेच प्रथिन निकामी ठरलं होतं. “माझी चूक झाली. गारव्यात ते झकास चालतं, उबेत मात्र मोडून पडतं.” त्याने वाकून तो आकडा वाचला. “म्हणजे कामचुकार नाही, नाजूक आहे. मग मला फ्रिजमध्ये ठेव!” “त्याला टेकू देणारं औषध शोधावं लागेल,” मी म्हटलं. “शोध की.” बर्फातल्या नळ्यांनी गारठलेले माझे हात त्याने लहानपणीसारखे तळव्यांत धरले. तळवे नेहमीसारखेच उबदार होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला ती ऊब सोसेना.