पलीकडून सुगरा

कॅप्टन जोतीरामनं रिसीव्हर पुढं केला. "बोला चाचा. तुमच्यासारख्या फौजंतल्या जुन्या सिग्नलवाल्यानं बरं म्हटलं, की आमचं काम पास."

लालासाबांनी अंगणात आभाळाकडं तोंड करून उभ्या केलेल्या उपग्रहाच्या तबकडीकडं पाहिलं. बैलगाडीच्या चाकाएवढी असेल, पण जोतीरामनं ती एकट्यानंच उचलून मांडली होती. पासष्टच्या लढाईत वायरलेसचा सेट पाठीवर वाहून त्यांची कंबर धरली होती, ती एकवीस वर्षांत सुटली नव्हती.

"फौजंचा उपग्रह म्हंजे लई खर्च असंल की."

"वेगळा सोडायचा तर झेपत न्हाय. म्हणून दुसऱ्या कामाच्या उपग्रहातच एक कोपरा घेतलाय. बोलणं आकड्यांत बदलायचं, दाबून बारीक करायचं नि वर धाडायचं. एकाच वाटेवरनं कितीतरी जणांचं बोलणं जातंय. आमच्या इंजिनियर बाईंची करामत. पलीकडं त्याच हाईत."

लालासाबांनी रिसीव्हर कानाला लावला. "हॅलो, उचगावातनं बोलतोय."

पलीकडून हळू आवाज आला, "अब्बा, मी सुगरा."

दारात उभ्या असलेल्या खैरुनबीनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ठरलेलं लग्न मोडून पोरगी बंगळूरला शिकायला गेली, तेव्हापासून लालासाबांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. आता रिसीव्हर आपटतात की काय, असं तिला वाटलं.

त्यांनी आपटला नाही. "कुठं हाईस?"

आवाज वर जाऊन खाली यायला क्षणभर लागत होता. पूर्वी बापलेक भांडायला लागले, की कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे. इथं थांबावंच लागत होतं.

"कामावर हाय."

"एवढं हलकं यंत्र तू केलंस?"

"आम्ही सगळ्यांनी. मला तुमची कंबर आठवायची."

लालासाबांचा हात कमरेवर गेला. "आवाज साफ हाय. खरखर अजिबात न्हाय." मग हळूच म्हणाले, "शिकलीस ते बरं झालं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"जेवलीस का?"

"न्हाय अजून."

"तुझ्या आईनं मटण केलंय. एवढं कुणासाठी केलंय, काय कळंना." खैरुनबीनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला. "तिकडं कसं धाडू? सुट्टी काढ नि घरी ये."

जोतीराम खाली मान घालून हसत होता.

मग सुगराचा आवाज एकदम चढला. "अब्बा, आत्ता येऊ?"

हे शब्द लालासाबांना दोनदा ऐकू आले. आधी शेजारच्या गोठ्यामागून, मग क्षणभरानं रिसीव्हरमधून.