दगडावरचा कायदा

"ती बाई यांचा व्यायाम करून घ्यायला येते की स्वतःचं कौतुक करून घ्यायला?" आजी फोनवर डॉक्टरांवरच कडाडल्या. "पन्नास वर्षांत माझ्या चहाला कधी बरा म्हणाले नाहीत, आणि तिला म्हणतात, तुझी बोटं काय हलकी आहेत!"

"दोष त्यांचा नाही आजी, कंपवाताच्या गोळीचा आहे," डॉक्टर हसले. "मेंदूत एक रसायन वाढतं आणि माणूस रंगात येतो. गोळी कमी केली की होतील पहिल्यासारखे. करू का?"

"थांबा जरा." आजींनी फोनवर हात ठेवला आणि वकिली शिकणाऱ्या नातीकडे वळल्या. "तुझ्या पुस्तकात याला काय शिक्षा आहे गं?"

"फार जुन्या एका राजाने दगडावर कायदे कोरले होते. बायको परक्या पुरुषाबरोबर सापडली, तर दोघांना बांधून नदीत टाकायचं."

"आणि नवरा सापडला तर?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही, आजी."

"दगड संपला असेल मेल्याचा!"

पहिल्यासारखे म्हणजे वर्तमानपत्राआडचं ते मुकं डोकं. आजी पुन्हा फोनवर आल्या. "कमी नको. वेळ पुढे ढकलली तर चालेल?"

"एखादा तास चालेल."

आतल्या खोलीत आजोबा भांग पाडून बाईची वाट बघत बसले होते. आजींनी त्यांच्यासमोरची गोळी उचलून पदराला बांधली.

"आजपासून गोळी बाई गेल्यावर. मग जे काय गोड सुचेल ते मला सांगायचं. मी इथे समोरच बसलेली असेन."