सुतक कानावर पडेपर्यंत

लालासाहेबानं पत्रात बापाची साधी चौकशीसुद्धा केली नाही, याचा रंगूबाईंना संताप आला होता.

नवरा नाथाजी वारल्यापासून पोराची तीन पत्रं आली. एकात लंडनची थंडी, दुसऱ्यात जर्मनीतली विद्यापीठं, तिसऱ्यात कॅनडातल्या कुणा म्हाताऱ्या प्रोफेसरानं उसाच्या सहकारावरचं त्याचं व्याख्यान ऐकून हात कसा हातात घेतला ते. सून उमा वाचून दाखवायची. शेवटी आईला साष्टांग नमस्कार. बापाचं नाव कुठंच नाही. सुरुवातीच्या पत्रांत त्यांच्या गुडघ्याची विचारपूस तरी असायची.

"खोडवा म्हंजे काय ते धड ठावं न्हाई आन् गोऱ्यास्नी ऊस शिकवतोय," रंगूबाई म्हणाल्या. "ज्यानं रातपाळीचं पाणी पाजून शिकीवला, त्याची याद न्हाई."

उमा पत्राची घडी घालत राहिली.

लालासाहेब साताऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. परदेशातल्या विद्यापीठांनी बोलावलं तेव्हा नाथाजींनी अख्ख्या इस्लामपूरच्या बाजाराला सांगितलं होतं. तो जाऊन तीन आठवडे झाले आणि नाथाजी मळ्यातून येऊन घोंगड्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. चिता पुतण्या बाळासोनं पेटवली. डोकं-मिशी त्यानंच उतरवली.

त्याच दिवशी रंगूबाईंनी भावकीला अंगणात बसवलं. पोराला कुणी कळवायचं नाही. सुतक कानावर पडल्यापासून लागतं. कानावर पडलंच नाही तर लागणार कसं? सुतकातला माणूस मांडवात उभा राहत नाही, चार लोकांचा मान घेत नाही. हा मान बघायला नवरा जन्मभर राबला, तो त्याच्याच मरणानं बुडवायचा का? बाळासो म्हणाला, पोटच्या लेकाला कळायला पायजे, काकी.

"जो कळवंल, त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई. लाला आल्यावर मी सांगंन, माझ्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी दहाव्याचं सामान आणायला उमा आणि बाळासो जवळचं इस्लामपूर सोडून पार सांगलीला जाऊन आले. दहाव्याला कृष्णेकाठी कावळा उन्हं कलेपर्यंत शिवला नाही. बायका कुजबुजल्या. रंगूबाई पिंडाकडं बघत बसून राहिल्या.

लालासाहेब यायच्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून करंडा काढला. सव्वा महिना मोकळ्या असलेल्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. उमाच्या हातातल्या चार बांगड्या मागून घेतल्या.

उमानं त्यांचा हात धरला. आत्या, पुसा ते, ती म्हणाली. का ते तिला सांगता येईना. पुन्हा म्हणाली, तेव्हा रंगूबाई खवळल्या. लोकांनी थुंकलं तर थुंकू दे, पण दोन घास पोटात गेल्याशिवाय पोराला कळता कामा नये. उपाशीपोटी बापाचं मरण ऐकवायचं का त्याला? पाणी न्यायला आलेल्या दोघी शेजारणी तोंडाला पदर लावून तशाच माघारी गेल्या.

दुपारच्या एसटीनं लालासाहेब आला. अंगात कोट, डोक्यावर विलायती टोपी. उंबऱ्यात थबकला. आईच्या कपाळाकडं त्यानं एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

रंगूबाईंनी त्याला बोलायला उसंतच दिली नाही. बाप मळ्यात गेलाय, म्हणाल्या, कोंबडं शिजलंय, हातपाय धू आणि आधी जेवायला बस. बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

लालासाहेबानं बरं म्हटलं. टोपी काढून हातात घेतली, वाकला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

आशीर्वादाला त्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. पेरभर केस. कपाळापासून मानेपर्यंत सारखेच, मागं उभ्या असलेल्या बाळासोच्या डोक्यावर होते तेवढेच.

रंगूबाईंनी उमाकडं बघितलं. उमानं भिंतीकडं तोंड केलं.

त्यांनी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

"तिथं भाषणं केलीस त्याचा राग न्हाई, त्ये मीच ठरीवलं हुतं. पर तुझ्यापायी मी आत्ता मेलेल्या नवऱ्याचं कुंकू लावून खोटं बोलले, आन् तू बरं म्हणालास. ऊठ लाला. बापाचं सुतक तिकडं धरून आलास, आता आईचं धर."