दंडाचं जेवण

बकरी हद्दीच्या दगडांच्या आत होती आणि तिचं तोंड गवतात होतं. राखणदार बास्सूने तिचं शिंग धरलं आणि उताराकडे तोंड करून ओरडला, "कुणाची आहे ही?"

ओरडायची गरज नव्हती. गावात जनावरं राहिली होती ती दोन-चार घरांतच. बाकीची घरं कुलपात. पोरं कुणी मराकेशला, कुणी समुद्रापार. खडकाआडून तूदा वर आली. नवऱ्यामागे एकटीच राहणारी बाई. ती पळाली नाही, की तिने गयावया केली नाही.

"माझीच, दा बास्सू. पाय घसरून आत गेली असेल."

"बकरीचा पाय घसरतो होय! उद्या म्हणशील, डोंगरच सरकला."

हे वरचं कुरण वसंतात बंद असायचं. गवत फुलून त्याचं बी जमिनीवर पडेपर्यंत कुणाच्याही जनावराने तिथे तोंड लावायचं नाही, असा वाडवडिलांपासूनचा कायदा. भोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले, हे तेवढं हिरवं राहिलं ते त्यामुळेच. कायदा मोडणाऱ्याने राखणदाराला घरी बोलावून जेवू घालायचं आणि ते गावाने बघायचं, ही शिक्षा. पुन्हा मोडला तर पुन्हा जेवण. तिसऱ्यांदा मात्र जनावरच जायचं. ते कापून घरोघर वाटायचं.

बास्सूने सख्ख्या भावाचा एडका असाच नेला होता. त्यानंतर भाऊ त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. "राखणदार असावा तर असा," लोक कौतुकाने म्हणायचे, आणि कौतुक करून आपापल्या घरी जायचे.

त्या संध्याकाळी तो तूदाकडे जेवला. जवाच्या कण्यांचा वाफवलेला कुसकूस, ताक, खारवलेलं जुनं लोणी. तो मान वर न करता खात होता. बायको गेल्यापासून वरच्या दगडी खोपटात तो उभ्या उभ्याच भाकरी मोडायचा. तूदाने न विचारता पुन्हा वाढलं, तेव्हा त्याचा हात ताटातच थांबला.

"खारट झालं का?"

"नाही. बरं आहे."

एवढंच बोलणं झालं. बाहेर दोन म्हाताऱ्या लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांनी त्याला आत जाताना पाहिलं, बाहेर पडताना पाहिलं. दंडाचं जेवण होतं म्हणून गप्प बसल्या. एरवी त्याने तूदाचा उंबरा ओलांडला असता, तर त्यांनी लोकरीबरोबर या दोघांनाही पिंजलं असतं.

तो वर गेला. वर वारा होता आणि गवत होतं. आपण हद्दीकडे उगाच सारखं बघतोय, हे काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं.

मग बकरी पुन्हा आत दिसली. या खेपेला तो खरोखर भडकला. "अगं, अजून बी धरलेलं नाही! आत्ता शेंडे खुडले तर पुढच्या साली दगड चारशील का हिला?"

तूदाने खुडलेल्या शेंड्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "गवताचं चुकलंच माझं," ती म्हणाली. "दंड घ्या."

त्या दिवशी जेवताना मात्र बोलणं निघालं. कुठली मेंढी दरवेळी जुळी देते, कुणाच्या बकरीची कास सुजलीय. बास्सूने आपल्या बायकोची गोष्ट सांगितली. तिला ताक घुसळताना गायची सवय होती आणि सूर कधीच लागायचा नाही. तूदा हसली. तोही हसला, आणि आपला आवाज ऐकून दचकला.

निघताना तो दारात थांबला. "तूदा, आणखी एकदा आत दिसली तर मला तिला न्यावं लागेल. दुभतं जनावर आहे तुझं. बांधून ठेव तिला."

"कायदा ठाऊक आहे मला, दा बास्सू."

म्हणजे आता इथलं जेवण संपलं. चढण चढून खोपटाकडे जाताना त्याला ते कळलं. आता बकरी आत आली तरी जेवण नव्हतं आणि नाही आली तरी नव्हतं. ती न येवो, असं तो रोज म्हणायचा, आणि रोज सकाळी उठून आधी हद्दीकडे बघायचा.

एका दुपारी त्याला कुरणाच्या मधोमध बकरी दिसली. शेजारी तूदा, उघड्यावर, लपण्याचं नावही न घेता.

बास्सूने उताराकडे पाहिलं. बघणारं कुणी नव्हतं. पाठ फिरवली असती तरी चाललं असतं. पण पाठ न फिरवल्यामुळेच त्याने भाऊ गमावला होता. त्याने खुंटीवरचा दोर घेतला आणि तो खाली उतरला.

"काय केलंस हे, तूदा! आता मी काय करू?"

दोर गळ्यात अडकवायला तो गुडघ्यावर बसला, तेव्हा बकरीने मान वर केली. तिच्या तोंडाला वळलेल्या दोरीचं मुसकं होतं. आईचं दूध तोडताना पिल्लांना बांधतात, तसलं. बास्सूने भोवतालच्या गवतावरून हात फिरवला. एकही शेंडा खुडलेला नव्हता.

"तोंड लागलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "गुन्हाच होत नाही. जनावर जात नाही."

"जनावर जाणार नाही, ते ठाऊक होतं," तूदा खाली बघत म्हणाली. "म्हटलं, जेवणापुरता तरी दंड बसेल."

"कायद्यात तसं नाही."

तिने मान हलवली. बकरीला घेऊन ती उताराला लागली. हद्दीचे दगड ओलांडून ती पलीकडे गेली, तरी बास्सू दोर हातात धरून तिथेच उभा होता.

"तूदा!" त्याने हाक मारली. "मग आज नुसताच येऊ का?"