ठिगळाबद्दल मास्तरांचं मत

"मास्तरकाका, मान हळू वळवा. आता तुम्ही हृदयाच्या आत उभे आहात."

डोळ्यांवर संगणकातलं चित्र सभोवती उभं करणारा जाडजूड चष्मा चढवून शिंपीमास्तर हॉस्पिटलच्या खोलीच्या मधोमध उभे होते. सदऱ्याच्या छातीवर नेहमीसारख्या दोन सुया टोचलेल्या. एकच जिना चढले होते, पण धाप अजून बसली नव्हती.

"एका पेशंटच्या ठिगळाबद्दल तुमचं मत हवंय," अशी थाप मारून डॉक्टरबाईनं त्यांना बोलावलं होतं. हृदय मास्तरांचंच होतं, त्यांच्याच स्कॅनवरून उभं केलेलं. वर्षभर ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते, आणि आता हातात फार दिवस उरले नव्हते. थापेत मास्तरांची बायको, म्हणजे काकूही सामील होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंच्या बाजाराच्या पिशवीत मास्तरांचे दोन जोड कपडे होते.

"अगं, हे भोक आहे की दरवाजा? माणूस जाईल यातून."

"त्यालाच ठिगळ लावायचंय. हृदयावरच्या आवरणाचाच तुकडा घेऊन."

"म्हणजे त्याच ताग्यातलं कापड. झकास. पण ताणून लावू नकोस. कोपराचं ठिगळ ताणलं की महिन्यात उसवतं. हलती जागा आहे, चहूबाजूंनी शिवणीबाहेर थोडी माया सोड."

"सोडते."

"आणि भिंतीपलीकडे ते काय चमकतंय? बारीकसं?"

"असेल धातूचा जुना कण. त्याचा काही त्रास नाही."

मास्तरांचा हात छातीवरच्या सुयांपाशी गेला.

"शिवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी. मोठे डॉक्टर शेजारी असतील."

"तुझा शाळेचा पहिला गणवेश मी शिवला. तेव्हा तुला बटण लावता येत नव्हतं."

"आता येतं, काका."

"दाखव."

तिनं हातातल्या यंत्रानं ठिगळ बसवलं आणि एकेक टाका घालत गेली. मास्तर प्रत्येक टाक्याजवळ वाकून बघत होते. एका ठिकाणी ते म्हणाले, "उसव." तिनं मुकाट्यानं उसवलं आणि पुन्हा घातला.

"पेशंट तयारच होत नाही," शेवटी तिनं धीर करून म्हटलं. "म्हणतो, मेलो तरी चालेल, पण चिरफाड नको."

"गाढव आहे. भ्यालाय, दुसरं काय. कबूल करत नाही एवढंच."

मास्तरांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. आता खरं कसं सांगावं, म्हणून ती शब्द जुळवत होती, तोवर ते दाराबाहेर पोचलेही. छातीवरच्या दोन्ही सुया काढून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवल्या.

"पिशवीत माझे कपडे आहेत ना? आण इकडे. आणि ऐक, मी दारात सायकलवरून पडलो तेव्हा छातीवरची सुई मोडली, तिचं टोक तू तीन दिवस घरभर शोधत होतीस. ते सापडलं."