दुपारची चार मिनिटं

नाईलकाठी अस्वानच्या धक्क्यावर शौकीची पर्यटकांची नाव होती. तिच्यावर कॅमेरे बसवले, तेव्हा चित्रण साठवणाऱ्या पहिल्या यंत्राने दोन दिवसांत नावेची बॅटरी पिऊन टाकली. मग त्याच्या मुलीने, बसीमाने, कमी विजेवर चालणारं दुसरं आणलं. समोर काही हललं तरच ते चित्रण करी.

आठवड्याने दोघं पडद्यासमोर बसली. रोज भर दुपारी, शौकी घरी जेवायला गेलेला आणि नाव रिकामी बांधलेली असताना, चार मिनिटांचं चित्रण होतं. त्यात माणूस नव्हता. सुकाणूजवळची उशी तेवढी हळूच दबायची आणि चार मिनिटांनी पुन्हा फुगायची.

"यंत्र बिघडलंय, बाबा. परत करते."

शौकीने चित्रण पुन्हा लावून पाहिलं. त्याची बायको दहब दुपारचा डबा घेऊन त्याच उशीवर येऊन बसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "बॅटरी तर खात नाही ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नावेतच थांबला. उशीशेजारी बसून वाट पाहिली. उशी दबली नाही. शेवटी त्याने बसीमाला फोन केला. ती घरून नावेतलं थेट चित्रण बघत होती.

"काही नाही गं. मी एकटाच बसलोय."

"बाबा, हलू नका," ती अगदी हळू म्हणाली. "तुमच्या फेट्याचा शेमला सुटलाय ना, तो वर उचलला जातोय. कुणीतरी खोचतंय."

वारा पूर्ण पडला होता. दहबचा हात नीट पोहोचावा म्हणून शौकीने मान थोडी खाली वाकवली.